चिमट्याचा नवस

आष्टी, ता. परतूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ यास,
आष्टीहून दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्हा तिघांची खुशाली कळवावी.

तुला वाटेल, घरात फोन असताना दादा कागद का खराब करतात. पण चोवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये उभं राहिलेल्या माणसाच्या कानांना फोन काय कामाचा? तुझी माय बोलते आणि नंतर मला सांगते, त्यात निम्मं तिच्या मनचं असतं. परवा तिनं सांगितलं की सूनबाई म्हणत होत्या, तुमच्या मिलमध्ये सळई धरायला मशीन येऊन राह्यली. मी तीनदा विचारलं की कुठली मशीन, कोणत्या रोलावर. तर म्हणते, मला काय म्हाईत, मी काय मिलमधी गेल्ते का? म्हणून हे पत्र. तू मात्र लिहूनच उत्तर पाठव. मोबाईलवरची अक्षरं मुंगीएवढी असतात. कागद असला की मी दहा वेळा वाचू शकतो.

मला नीट कळव. लाल सळई रोलातून बाहेर आली की तुम्ही ती चिमट्यात धरता, वळवता आणि पुढच्या रोलात घालता. हे धरायचं काम मशीन करणार, की फक्त भट्टीत लोखंड ढकलायचं? सगळ्या रोलांवर करणार, की एकाच? कधीपासून? मशीन आली म्हणून घाबरू नको. मशीन म्हणजे काही वाईटच असतं असं नाही. माझ्या वेळी असती तर माझे कान आज असे नसते.

तोपर्यंत जपून राहा. पायात बूट घालत जा. फहीम अर्धा तास चिमट्यावर असला की तू सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी पी, मोबाईल बघू नको. आणि तुझी पाळी आली की दोन मिनिटं आधीच जाऊन उभा राहा. जोडीदाराला ताटकळत ठेवू नये. इकडे हरभरा काढणीला आला आहे. तुझ्या मायचा गुडघा दुखतो, पण तुला सांगू नका असं तिनं बजावलं आहे, म्हणून तुला माहीत नाही असंच वाग.

अर्पिताला गोड पापा. आमच्यावरचा जीव आहे तसाच राहू द्यावा.

तुझा,
दादा

•

जालना
२६ फेब्रुवारी २०२५

ती. दादांच्या व मायच्या सेवेशी,
आदिनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. मायचा गुडघा दुखतो हे मला माहीत नाही, तरी मलम पाठवत आहे.

मशीन धरायचंच काम करणार आहे. रोलाच्या तोंडाशी अर्धगोल लोखंडी पन्हाळ बसवली आहे. सळई एका रोलातून बाहेर पडते, पन्हाळीतून आपोआप वळते आणि पुढच्या रोलात शिरते. कुणाला हात लावावा लागत नाही. वर काचेची खोली आहे, तिच्यात एसी आहे. तिथं एक माणूस बसून बटणं दाबतो. मागच्या आठवड्यात चाचणी झाली. आम्ही बावीस जण चिमटे बाजूला ठेवून भिंतीला टेकून बघत होतो. एक सळई अडकली तेव्हा सूरज मोठ्यानं हसला. पण पुढच्या दोनशे अडकल्या नाहीत.

दादा, सरळच लिहितो. आमच्या पाळीतल्या बावीसपैकी चौघांना ठेवणार, तेही आयटीआय झालेले. बाकीच्यांना पंधरा मार्चपासून काम नाही. मी आणि फहीम, दोघंही अठरात आहोत.

पण काळजी करू नका, मी बसून राहणार नाही. परराज्यात एक जुनी मिल आहे. तिथं अजून चिमट्यानंच काम चालतं. इथला एक मुकादम माणसं नेऊन राह्यला. पगार इथल्यापेक्षा जास्त, राहायची सोय. पुष्कळांचे रोजे सुरू होणार आहेत म्हणून ईद झाल्यावर, नऊ एप्रिलला गाडी निघणार. मी नाव दिलं आहे. दैवशाला आणि अर्पिता इथंच राहतील.

एक विचारू का? तुमच्या पत्रात मला आनंद दिसला. मला वाटलं चुकून वाचलं, म्हणून दैवशालाला वाचायला दिलं. ती म्हणाली, दादांना मशीन आवडलेली दिसते. आम्हाला काही समजलं नाही.

मायला नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
आदिनाथ

•

आष्टी
५ मार्च २०२५

चि. आदिनाथ यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आल्यापासून अन्न गोड लागत नाही. तुझी माय म्हणते, जे पोटात आहे ते लिहून टाका, निदान माझं डोकं तरी खाऊ नका. म्हणून लिहितो. रागावू नको. रागावलास तरी पूर्ण वाच.

तीन वर्षांमागे, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तुझ्या उजव्या हाताला सळई लागली होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेल्ती. दवाखान्यात तू मला म्हणालास, दादा, काही न्हाई झालं, पंधरा दिवसांत चिमटा धरतो. ते ऐकून मी बाहेर आलो, पहिल्या एसटीत बसलो आणि अंबडला गेलो. तुला सांगितलं होतं की बियाणं बघायला चाललो. बियाणं बघितलं नाही. देवीच्या पायऱ्या चढलो आणि नवस बोललो. आई, माझ्या आदिनाथच्या हातातला चिमटा सुटू दे. सुटला तर त्याच्या पाळीतल्या सगळ्या चिमटेवाल्यांना तुझ्या पायथ्याशी बसवून माझ्या हातानं पुरणपोळीचं जेवण घालीन.

असं बोललो. दुसरं काम मिळू दे, असं म्हणायला पाहिजे होतं. पण त्या वेळी तोंडातून जे निघालं ते निघालं. आणि तिनं ऐकलं. अगदी माझ्या शब्दांप्रमाणे ऐकलं.

मशीन येणार हे कळलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. ते लपवत नाही. वाटलं, पोराचा हात वाचला. पुढचं डोक्यातच आलं नाही. आता मी कात्रीत सापडलो आहे. नवस फेडायचा तर ज्यांचं काम गेलं त्याच माणसांना बोलावून आनंदाचं जेवण घालायचं. कोणत्या तोंडानं वाढू? आणि नाही फेडला, तर तू निघालास परमुलखात, पुन्हा त्याच आगीपुढं.

आणखी एक गोष्ट मला खाते. देवीपुढं मी फहीमचं नाव घेतलं नाही. जहांगीर आणि मी चोवीस वर्षं एका चिमट्यावर. तो गेला की मी, मी गेलो की तो. त्याचं पोरगं तुझ्या जोडीला, आणि मला तेव्हा फक्त तूच दिसलास. हे मी त्याला कसं सांगू?

तू त्या मिलला जाऊ नको. बापाचं एवढं ऐक. सूनबाईंना व अर्पिताला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
दादा

•

जालना
१२ मार्च २०२५

ती. दादांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि. पत्र पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं.

मशीन मुंबईच्या कंपनीनं बनवली आणि मालकानं मागवली. देवीचा त्यात काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी राग आला. तुम्ही चोवीस वर्षं चिमटा धरलात, त्यावर आम्ही दोघं भावंडं शिकलो, ताईचं लग्न झालं. तेव्हा तो चिमटा चांगला होता. माझ्या हातात आला तर तो सोडवायला नवस! मला कधी एका शब्दानं विचारलं का? अकरा वर्षांत एवढं एकच काम मला पक्कं येतं. लाल सळई कोणत्या बाजूला उसळणार हे मला ती बाहेर येण्याआधी कळतं. हे दुसरीकडे कुठं चालणार आहे? परवा बियाण्याच्या गोडाऊनमध्ये विचारायला गेलो, तर विचारतात, पोती मोजता येतात का?

जेवण घालू नका. ही माणसं सध्या घरच्यांशीही नीट बोलत नाहीत. त्यांना पुरणपोळी म्हणजे जखमेवर मीठ वाटेल. मी नऊ तारखेला जाणार आहे.

मायनं गुडघ्याला मलम लावलं का ते कळवावं.

आपला,
आदिनाथ

•

अंबड
२१ मार्च २०२५

रखमाजीभाऊ यांस,
जहांगीरचा सलाम आणि राम राम. वि. वि. तुझं चार पानांचं पत्र मिळालं. त्यातली दोन पानं नुसती माफीची होती. ती मी सुगराबीला वाचून दाखवली. ती म्हणाली, भाईजान बुढे हुए, मगर घबराना नही गया.

अरे बाबा, फहीमचं नाव घेतलं नाही म्हणून तू मला तोंड दाखवायला लाजतोस? तू नाव घेतलं एक, आणि तुझ्या देवीनं चिमटे काढले बावीस जणांच्या हातातले. ती तुझ्यापेक्षा मोठ्या दिलाची निघाली, एवढंच. त्यात माझ्या पोराचाही नंबर लागला. मी कशाला नाराज होऊ?

माझं सांगतो, हे कुणाला बोललो नाही. फहीमनं चिमटा धरला त्या दिवसापासून मी नमाजला हात उचलतो, पण त्याचा चिमटा सुटू दे असं मागायची माझी हिंमत झाली नाही. सुटला तर खाणार काय? म्हणून मी रोज इतकंच मागत होतो की आजचा दिवस जाऊ दे. अकरा वर्षं एकेक दिवस मागितला. तू एकदाच मागितलं आणि पूर्ण मागितलं. मला तुझा हेवा वाटतो, खरंच सांगतो.

दुसरं, माझ्या दोन बोटांचं तू परत काढलं आहेस. तू चहाला गेल्तास, यायला पाच मिनिटं उशीर झाला, मी दमलो होतो, सळई निसटली. सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून तू एसटी स्टँडवर सुद्धा तासभर आधी जाऊन बसतोस, सगळ्या आष्टीला ठाऊक आहे. आता बस कर. आठ बोटांनी माझं बराबर चाललं आहे. उलट जेवताना कमी हात भरतो.

आता कामाचं. बोललेलं जेवण घालायचंच. बिलकुल मागं हटू नको. पण लपवून घालू नको. पोरांना खरं सांगून बोलाव की असा असा नवस होता, पटलं तर या. ज्याला राग येईल तो येणार नाही, त्याचाही हक्क आहे. सध्या रोजे आहेत, म्हणून ईद होऊ दे. पाच एप्रिलला ठेव. माझं वावर देवीच्या डोंगराच्या पायथ्यालाच आहे, लिंबाची सावली आहे, विहिरीला पाणी आहे. नंदाबाई वहिनींनी चूल तिथंच मांडावी, लाकडं मी फोडून ठेवतो. तुझ्या पोराला फहीम ओढून आणेल. आदिनाथ तुझ्यावर रागावला आहे, पण तुझा मुलगा आहे, उशीर करणार नाही.

बाकी भेटीत. दोस्ती जुनी झाली तरी तिला गंज चढू देऊ नये, ही विनंती.

तुझा जोडीदार,
जहांगीर

•

जालना
१२ एप्रिल २०२५

ती. दादांच्या व मायच्या सेवेशी,
आदिनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि. जेवणाला आठ दिवस झाले. तिथं मी तुमच्याशी धड बोललो नाही. आज लिहितो.

मी गेलो नाही. नऊ तारखेला मुकादमाची गाडी गेली, तिच्यात आपल्या पाळीतले सहा जण होते. मी नव्हतो.

का ते सांगतो. अठरापैकी पंधरा जण जेवायला येतील असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही उभं राहून सगळं सांगितलंत. ऐकू येत नसल्यानं तुम्ही नेहमीसारखं ओरडूनच बोललात, विहिरीपलीकडच्या लोकांनाही नवस कळला असेल. मी मान खाली घातली होती. तेव्हा रामप्रसादकाका म्हणाले की माझी बायको नऊ वर्षांपासून हेच मागून राह्यली, पण तिनं पुरणपोळी कबूल केली न्हाई, म्हणून अडलं असंल. तुम्हाला ऐकू आलं नसेल, सगळे त्याला हसले होते. तुम्हाला वाटलं तुम्हालाच हसले, आणि तुम्ही हात जोडलेत. ते तसं नव्हतं. सुमित मात्र हसला नाही. पुरणानं डबा भरत न्हाई म्हणाला, आणि न जेवता उठून गेला. त्याचंही चूक नाही.

मग तुम्ही तांब्या घेऊन एकेकाच्या हातावर पाणी घालायला लागलात. आपल्याकडं यजमान घालतोच, त्यात नवीन काही नाही. पण तुम्ही प्रत्येकाचा हात आपल्या हातात घेऊन आधी सुलटा बघत होतात, मग पालथा, मग पाणी. पुरण निवून चाललं होतं. माय चुलीपासून डोळे वटारत होती. सूरज म्हणाला, दादा, रेषा बघून राह्यले का, मला पोरगी कधी मिळंल तेवढं सांगा. तुम्ही त्याचं अर्धं जळालेलं नख बघत होतात.

दादा, अकरा वर्षं मी या माणसांच्या शेजारी उभा आहे. पण मिलमध्ये हातमोजे असतात. जेवणाच्या सुट्टीत जो तो आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसतो. त्यांचे हात असे उघडे, एका ओळीत, उन्हात मी कधी पाहिले नव्हते. रामप्रसादकाकांचा अंगठा वाकत नाही. दोघांची बोटं कमी आहेत. फहीमच्या तळहातावर एवढी जाड कातडी आहे की पाणी नुसतं घरंगळत होतं. डाग नाही असा एक हात नव्हता. आणि आम्ही सगळे सांगत होतो की आमचं काम गेलं.

माझ्यापाशी तुम्ही आलात तेव्हा उजव्या हातावरचा तो डाग धरून उभे राहिलात. तांब्यातलं पाणी संपलं तरी धरूनच होतात. फहीम विहिरीवरून भरून आणेपर्यंत तुम्ही सोडलं नाही. त्याच वेळी मला कळलं की मी जाणार नाही.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. काम पक्कं येत होतं आणि आता येत नाही, हे रोज सकाळी टोचतं. बियाण्याच्या त्याच गोडाऊनमध्ये लागलो आहे. पोती उतरवायची, वजन करायचं, थप्पी लावायची. पगार मिलपेक्षा बराच कमी. दैवशाला पाकीट भरायच्या कामाला जाते, दोघांचं मिळून भागेल असं ती म्हणते. फहीम मालाचा टेम्पो चालवतो. आमच्या गोडाऊनला माल घेऊन आला की मुद्दाम हॉर्न वाजवून मला बाहेर बोलावतो, आणि माझ्या तोंडावरची भुशी बघून हसतो. पहिल्या दिवशी घरी गेलो तर अर्पिता म्हणाली, पप्पा, तुमच्या अंगाला जळका वास का येत न्हाई? तिला तोच माझा वास वाटत होता.

जे सहा जण गेले, त्यांच्यासाठीही देवीला काही सांगता आलं तर सांगा. सुमितही गेला आहे. पण या वेळी आधी मायला विचारून, नीट शब्दांत सांगा.

तुम्ही न विचारता जे मागितलं, त्याबद्दल तुमचे उपकार मानू की भांडू, ते मला अजून ठरवता येत नाही. आज तरी उपकार मानतो.

मायला नमस्कार. पुढंही असंच ओरडून आशीर्वाद देत राहावं.

आपला,
आदिनाथ

•

आष्टी
१९ एप्रिल २०२५

चि. आदिनाथ यास,
दादाचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र मिळालं. पोस्टमनच्या समोरच वाचलं, आणि त्या बिचाऱ्याला बळंच गूळ-पाणी दिलं. त्याला कारण कळलं नाही, पण पाणी प्याला.

पोती उचलताना कमरेत वाकू नको, गुडघ्यात वाक. थप्पी फार उंच लावू नका, वरचं पोतं निसटलं तर मान मोडेल. बियाण्याला औषध लावलेलं असतं, त्याची भुशी नाकात जाऊ देऊ नको, तोंडाला रुमाल बांध. जेवणाआधी साबणानं हात धू. गोडाऊनला पंखा आहे का? खिडकी आहे का? फहीमला म्हणावं, टेम्पो हळू चालव. तुझी माय म्हणते, आता तुम्ही गोडाऊनचा नवस बोलू नका म्हंजे झालं.

तू लिहिलंस त्याप्रमाणे अंबडला जाऊन आलो. सहा जणांची नावं जहांगीरनं फहीमकडून विचारून कागदावर लिहून दिली होती, सुमितचं सगळ्यात वर. ती मी देवीपुढं मोठ्यानं वाचली. मोठ्यानं म्हणजे जशी माझी रीत आहे तशी. पुजारी बघतच राहिला. ती सहाच्या सहा पोरं धडधाकट घरी येवोत आणि त्यांना इथं काम मिळो, असं दोन्ही बाजूंनी बांधून मागितलं. आल्यावर काय देणार हे बोललो नाही. ते तिच्यावर सोडलं.

तू भांडायचं की उपकार मानायचे, ते सावकाश ठरव. मला घाई नाही. तुझं पक्कं आलेलं काम गेलं, हे मी विसरलो नाही. मलाही ते यायचं, सळई कुठं उसळणार हे. आता ते कळणारी माणसं संपत आली. त्याचं वाईट वाटतं, आणि मग तुझा हात डोळ्यांपुढं येतो आणि वाईट वाटायचं थांबतं. असं दिवसातून चार-पाच वेळा होतं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. अकरा वर्षं जालन्याहून फोन आला की मला तो ऐकू यायचा नाही, पण तुझी माय उठलेली दिसायची. मी हातातलं टाकून तिच्या तोंडाकडं बघत उभा राहायचो. ती हॅलो म्हणायची आणि मी तिच्या कपाळाकडं, ओठांकडं बघायचो, की चेहरा बदलतो का. ती हसली की मग मी बसायचो. काल संध्याकाळी तुझा फोन आला. ती वीस मिनिटं बोलली. मी खाटेवर पाठ करून पडलो होतो. ती बोलून आली, मला हलवलं आणि विचारलं, आदिनाथचा फोन होता, तुम्ही बघितलं सुद्धा न्हाई? मी म्हणालो, मला झोप लागली होती.

आम्हा दोघांना विसरू नये, आणि पत्र लिहायचं सोडू नये.

तुझा,
दादा